‘किकु-नो-यु’ : स्वेच्छेने बंद

महामारीच्या काळात आमच्या शहरात एकाही दुकानाला बंद करा असा हुकूम निघाला नव्हता. हे मी म्हणत नाही, नगरपालिकेच्या कागदावर छापलंय. हुकूम नव्हता, ‘विनंती’ होती. वरून विनंती आली, आम्ही ती खाली पोचवली, दुकानदारांनी ती मानली. सगळा मामला गोडीगुलाबीचा. आणि आता साडेतीन वर्षांनी नगरपालिकेला जाग आली, की त्या नियमांचा छोट्या दुकानांवर काय परिणाम झाला त्याचा आढावा घ्यावा. आढावा घ्यायला उरलंय काय, ते आधी येऊन बघा म्हणावं. यानागिमाचीच्या बाजारपेठेत तेव्हा एकेचाळीस दुकानं होती. आज एकोणीस आहेत, त्यातली दोन फक्त शनिवारी उघडतात.

मी कुवाबारा तेइजी, वय वर्षं चौऱ्याहत्तर. चपलांचं दुकान आहे माझं, वडिलांच्या वेळेपासूनचं. लाकडी गेता, गवती झोरी, आणि हल्ली मुख्यतः म्हाताऱ्यांचे न घसरणारे बूट. अकरा वर्षं मी बाजारपेठ संघाचा सचिव होतो. कुणी सचिव व्हायला तयार नसतं, आणि मला नाही म्हणता येत नाही, एवढीच त्या पदासाठीची माझी लायकी.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मिझुशिमा नावाची एक मुलगी दुकानात आली. विद्यापीठात शिकवायची, नगरपालिकेने तिला आढाव्याच्या कामावर घेतलं होतं. दुकानाच्या पायरीवर अंग चोरून बसली, तीनदा आग्रह केला तेव्हा कुठे चहाला हात लावला. पोरगी चांगली होती. तिच्यावर माझा राग नाही.

“कुवाबारा-सान, ही तुमच्या बाजारपेठेची यादी,” ती म्हणाली. “एकदा नजरेखालून घाला. चुकलं असेल तिथे सांगा, मग खाली शिक्का मारायचा.”

यादीत एकेका दुकानाची एकेक ओळ होती. पुढे तीन रकाने : विनंतीनुसार बंद, स्वेच्छेने बंद, चालू. मी चष्मा लावून एकेक ओळ बोटाने सरकत वाचत गेलो. सोबाच्या शेवयांवाला, विनंतीनुसार. गाण्याच्या कराओके खोल्यांवाला, विनंतीनुसार. छत्र्यांवाला, चालू. बिचारा चालू होता आणि अडीच महिन्यांत एक छत्री विकली गेली. मग एका ओळीवर बोट थांबलं.

‘किकु-नो-यु. सार्वजनिक स्नानगृह. स्वेच्छेने बंद. नंतर कायमचे बंद. कारण : यंत्रसामग्री जुनी.’

“हे चुकलंय,” मी म्हणालो. “हे विनंतीवरून बंद झालं. सांगायला मीच गेलो होतो.”

“तुम्ही?”

“मग कोण? कोट-टाय चढवून गेलो होतो.”

मिझुशिमाने फाइल उघडली, पान काढलं, परत माझ्याकडे पाहिलं. “पण सार्वजनिक स्नानगृहं विनंतीच्या यादीत नव्हतीच ना. त्यांना उलट चालू ठेवायला सांगितलं होतं. ज्यांच्या घरी न्हाणी नाही, त्यांनी अंघोळ कुठे करायची?”

“असं कसं? यादीत ‘स्नान’ होतं. मी स्वतः वाचलंय.”

मी तिला तिथेच बसवून आत गेलो. संघाचे जुने कागद मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. तेव्हा आलेला विनंतीचा फॅक्स सापडला. करमणुकीच्या ठिकाणांची यादी : नाचघरं, पाचिन्कोच्या खेळयंत्रांची दुकानं, गाण्याच्या खोल्या, खेळांच्या जागा, स्नानाची ठिकाणं. बघा, होतं की नाही! आणि त्या शब्दाच्या शेवटी, खांद्यावर माशी बसावी तशी, एक बारीक फुली.

पानाच्या तळाशी तीच फुली परत होती. पुढे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत : ‘नागरिकांच्या दैनंदिन जीवनास आवश्यक अशी सार्वजनिक स्नानगृहे वगळून.’

आमच्याकडे सरकारी कागदातलं खरं काय ते त्या फुलीपाशी असतं, हे शेंबडं पोरही जाणतं. आणि मी अकरा वर्षांचा सचिव. मी तो कागद हातात धरून आतल्या अंधाऱ्या खोलीत उभा राहिलो. बाहेर मिझुशिमा घोट घोट चहा पीत असल्याचा आवाज येत होता. मग बाहेर आलो.

“बघून सांगतो,” एवढंच म्हणालो. “यादी ठेवून जा.”

आता त्या एप्रिलचं सांगतो.

किकु-नो-यु माझ्या दुकानापासून सहा घरं सोडून होतं. इसोबे तोकिए-सानच्या सासऱ्यांनी बांधलेलं. नवरा गेल्यावर वीस वर्षं ती एकटीने चालवत होती. सकाळी फरशा घासायच्या, दुपारी भट्टीत लाकडं सारायची, साडेतीनला पडदा लावून पुरुष आणि बायका यांच्या मधल्या उंच गल्ल्यावर जाऊन बसायचं. लाकडं कुठली, तर पाडलेल्या घरांची. आमच्या शहरात तो माल कधी कमी पडला नाही. बॉयलर सासऱ्यांच्या वेळचा होता. तिची जीभ तर सगळ्या गल्लीला ठाऊक. पोटऱ्या न धुता गरम पाण्याच्या सामाईक टाकीत पाय घालणाऱ्या माणसाला, मग तो बँकेचा मॅनेजर का असेना, ती वरून ओरडायची, “साहेब, हे सूप नाहीये, तुम्हाला शिजवायचं नाहीये!” बाजारपेठेत आम्ही एकमेकांना दुकानावरूनच हाक मारतो. मी तिच्यासाठी ‘चपलावाले’.

एप्रिलच्या मध्याला सगळीकडे अंधार झाला. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. फक्त रोज दुपारी किकु-नो-युच्या धुराड्यातून धूर निघायचा. आणि ते धुराडं शहरातून कुठूनही दिसायचं.

मग संघाच्या कचेरीत फोन यायला लागले. नाव सांगायचे नाहीत. “आम्ही घरात कोंडून घेतलंय, आणि तुमच्याकडे मजेत अंघोळी चालल्यात?” एक बाई होती, ती रोज तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोन करायची. “धूर निघाला,” एवढंच बोलायची आणि ठेवून द्यायची. बाकीचे दुकानदारही कुरकुरायला लागले. आम्ही सगळ्यांच्या पावलाला पाऊल लावून चालतोय, एकटं स्नानघर का बाहेर पडतंय? कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही. माझ्या तोंडावर सगळे बोलले.

तेवढ्यात तो फॅक्स आला. त्यात ‘स्नान’ हा शब्द दिसल्यावर मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाचायचं होतं तेवढं वाचलं आणि कागद घडी करून खिशात घातला. फुली बारीक होती हे खरं. पण मला ती बघायचीच नव्हती, हे त्याहून खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघातली दोन माणसं बरोबर घेऊन मी गेलो. ती पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून पुरुषांकडच्या फरशा घासत होती. माझा काळा कोट बघून तिने ब्रश खाली ठेवला.

“अगंबाई, कोण गेलं?”

“कुणी नाही हो. संघाकडून आलोय.” आणि मी कमरेतून वाकलो. पाठोपाठ ती दोघंही वाकली. “सगळी बाजारपेठ बंद आहे. वरून विनंतीची यादी आली आहे. तुम्हाला त्रास होईल, पण मेअखेरपर्यंत... कृपा करा.”

वाकलेलो असल्यामुळे मला फक्त तिचे पाय दिसत होते. ओले, लाल झालेले. ते पाय एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे वळले आणि परत माझ्याकडे फिरले.

“चपलावाले, उठा बघू,” ती म्हणाली. “पाठ धरेल तुमची. बरं. आजचं पाणी तापत घातलंय, ते वाया नाही घालवणार. उद्यापासून बंद.”

बस, एवढंच. मला वाटलं होतं भांडेल, चार शिव्या हासडेल. बाहेर आल्यावर मी त्या दोघांना म्हणालोसुद्धा, “बघितलंत? नीट विनंती केली की माणसं ऐकतात.”

दुसऱ्या दिवशी धूर निघाला नाही. फोनवाल्या बाईचाही फोन आला नाही.

त्या सहा आठवड्यांत सगळ्यात जास्त हाल झाले ते शिमोदा-सानचे. रंगाऱ्याच्या माडीवर एकटा राहणारा म्हातारा. खोलीत नळ होता, न्हाणी नव्हती. चाळीस वर्षं तो रोज चार वाजता किकु-नो-युला जायचा. बंदची पाटी लागली त्या दिवशी तो टॉवेल-साबणाची बादली घेऊन पाटीसमोर आला, पूर्ण वाचली, पाटीला मान लववली आणि परत गेला. तोकिए-सान मग स्वतःच्या शेगडीवर किटल्या तापवून मागच्या दाराने त्याला देत असे, आणि तो कोरड्या पडलेल्या स्नानघरात एका कोपऱ्यात बसून अंग पुसून घेई. लोक बघतील म्हणून दिवा लावत नसत. शिमोदा-सान त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला. छातीच्या दुखण्याने, त्याचा अंघोळीशी काही संबंध नाही. पण त्याला शेवटचं टाकीत बसलेलं कधी पाहिलं, हे मला आठवत राहतं.

एक जूनला तिने परत भट्टी पेटवली. आम्ही पाच-सहा जण साबण घेऊन दारात उभे होतो. कितीतरी दिवसांनी धूर बघितला आणि कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. अर्ध्या तासाने ती मागून बाहेर आली. हात राखेने काळे, तोंड पांढरं.

“भट्टीत पाणी येतंय,” ती म्हणाली.

बॉयलर रोज तापत होता तोवर टिकला. सहा आठवडे रिकामा, थंड, दमट राहिला आणि आतून गंजून त्याच्या सांध्याला चीर गेली. शेजारच्या जिल्ह्यातून एक ऐंशी वर्षांचा कारागीर आला. त्याने हातोडीने ठकठक करून ऐकलं, टोपी काढली आणि म्हणाला, “मालकीणबाई, याचं आयुष्य झालं.” असला पत्रा आता कुणी करत नाही. नवा बसवायचा तर तिचं वय साठ हवं होतं. पाटी लागली ती लागलीच. पुढच्या वर्षी धुराडं उतरवलं. आता तिथे आठ मोटारी उभ्या करायची जागा आहे, आणि मागच्या दोन खोल्यांत ती राहते.

बंद ठेवणाऱ्या दुकानांना सहकार्याची म्हणून काही रक्कम मिळाली होती. तिने अर्ज केला नाही. मला वाटायचं, मानी आहे, म्हणून नाही केला.

मिझुशिमा यादी ठेवून गेली त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी योकानची लादी घेऊन तिच्याकडे गेलो. आमच्याकडे माफी मागायची तर योकानच न्यावं लागतं. लाल घेवड्याच्या गोड पेस्टची ती लादी विटेइतकी जड असते, आणि माफी जेवढी मोठी तेवढी लादी जड. मी मिठाईच्या दुकानातली सगळ्यात जड घेतली होती.

ती नुकतीच बाहेरून आली होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, गाल लाल. स्नानघरवाल्यांच्या घरी वेगळी न्हाणी कोण बांधतं? त्यामुळे आता ती आठवड्यातून दोनदा बस पकडून हमरस्त्यावरच्या त्या भल्यामोठ्या गरम पाण्याच्या करमणूक केंद्रात अंघोळीला जाते. ते मात्र खरोखर विनंतीच्या यादीत होतं. जूनमध्ये उघडलं, अजून धडधाकट चालू आहे.

“या चपलावाले,” तिने लादी हातात तोलून पाहिली. “बापरे! गुन्हा मोठा दिसतोय. नातवाने कुणाला गाडी ठोकली की काय?”

“बसू द्या आधी.”

“बसा ना. तिथलं पाणी म्हणजे काय सांगू तुम्हाला, पांचट. औषध मारतात त्यात. आणि पोरं पोहतात! आज एकाचा कान धरला मी. त्याची आई म्हणते, आजी, तुम्ही इथल्या कामवाल्या आहात का?”

ती हसली. मला हसू येईना. मी फॅक्सची घडी उलगडली, चटईवर तिच्यासमोर ठेवली आणि त्या बारीक फुलीवर बोट ठेवलं.

“तोकिए-सान, मी चूक केली,” मी म्हणालो. “तुमचं स्नानघर यादीत नव्हतं. मी खालचं वाचलंच नाही. तुम्ही चालू ठेवायला पाहिजे होतं. तुम्हाला बंद करायला कुणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.” आणि मी कपाळ चटईला टेकवलं.

 टॉवेल सोडून केस पुसत असल्याचा आवाज आला.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“फुलीखालचं. आमच्या स्नानघरवाल्यांच्या संघाचा कागद आला होता ना. आपण बंद करायचं नाही, लोकांना गरज आहे, असा. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी आला.”

मी मान वर केली. ती शांतपणे केस पुसत होती, जणू हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या.

“मग बोलला का नाहीत?” माझा आवाज चढला. “तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?”

“काय बोलू? तुम्ही कोट घालून आलात, टाय लावून आलात. मागे दोन माणसं उभी. चाळीस वर्षांत कधी वाकला नव्हतात, ते माझ्या ओल्या फरशीवर वाकलात. त्या दोघांदेखत आत जाऊन कागद आणायचा आणि म्हणायचं, सचिवसाहेब, तुम्हाला वाचता येत नाही? तुमचं नाक कापलं असतं की. गल्लीभर झालं असतं.”

“माझं नाक! अहो, माझ्या नाकाची किंमत ती काय!”

“ते कापलेलं मला तेव्हा बघायचं नव्हतं,” ती म्हणाली. “सहा आठवड्यांचा तर प्रश्न होता. म्हटलं, जातील. बॉयलरचं कुणाच्या मनात होतं?”

खरं सांगतो, आधी मला तिचा रागच आला. एवढी तोंडाळ बाई, बँकेच्या मॅनेजरला सोडायची नाही, आणि नेमकं त्या दिवशी तिला सभ्यपणा सुचला. आणि मग स्वतःची लाज वाटली. मी दोन माणसं बरोबर नेली नसती तर? एकटा, रोजच्या कपड्यांत, साबणाची बादली घेऊन गेलो असतो आणि म्हणालो असतो, “काय हो, धुराचं काय करायचं?” तर तिने कागद माझ्या तोंडावर फेकला असता, आणि शिमोदा-सान दुसऱ्या दिवशी चार वाजता टाकीत असता. मला रडू आलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप्या मी, तिच्या चटईवर बसून रडलो.

तिने मला रडू दिलं. मग योकान कापलं, जाड जाड फोडी केल्या, चहा ओतला.

“त्या पोरीने काय लिहिलंय यादीत?”

“स्वेच्छेने बंद.”

“बरोबर लिहिलंय. माझ्या इच्छेनेच केलं मी. मारा शिक्का.”

“असं कसं मारू? ते खोटं आहे.”

“खोटं कसं? कागद माझ्याजवळ होता, वाचून मी ठरवलं. हे बघा, चपलावाले,” तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. “माझं आता काही उरलेलं नाही. जे गेलं ते मी एका माणसाची अब्रू राखायला घातलं, एवढं मनाशी म्हणता येतं मला. तेवढ्यावर मी झोपते. तेव्हा पुढच्या महिन्यात आढाव्याची ती सभा आहे ना, तिथे तोंड उघडू नका. मला शब्द द्या.”

मी शब्द दिला.  आणि घरी जाऊन यादीवर शिक्का मारला.

सभा डिसेंबरात नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर होती. टेबलांवरच्या त्या पारदर्शक पाट्या अजून कुणी काढल्या नव्हत्या, त्यामुळे समोरच्याचं तोंड दोनदा दिसायचं. आम्ही दुकानदार तीस-पस्तीस जण होतो. तोकिए-सान आणि मी एकाच बसने आलो होतो. तिने ठेवणीतला जांभळा किमोनो नेसला होता, मी तोच काळा कोट घातला होता. तिने बसमध्ये मला चिमटा काढला होता, “आज वाकू नका म्हणजे झालं.”

समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते, बाहेरगावचे. एकेक बाजारपेठेचा सारांश वाचत होते. गोड आवाज, मध्ये मध्ये पाण्याचा घोट. दुकानदारांनी मोठ्या समजूतदारपणाने सहकार्य केले. तक्रारींचे प्रमाण नगण्य. मी हात मांडीवर ठेवून ऐकत होतो. मिझुशिमा त्यांच्या बाजूला बसून टिपणं घेत होती.

“यानागिमाचीचे उदाहरण विशेष उल्लेखनीय आहे,” अध्यक्ष म्हणाले. “तिथले एक स्नानगृह, विनंतीच्या कक्षेत नसतानाही, स्वेच्छेने बंद ठेवण्यात आले. नियमांची सक्ती न करताही नागरिक पुढे येतात, हे यातून दिसते. आपली ही पद्धत किती परिणामकारक ठरली, याचा याहून सुंदर दाखला नाही.”

टाळ्या झाल्या. तोकिए-सानने बसल्या जागी सगळ्यांना मान लववली. तिच्या मानेवरचे पांढरे केस मला दिसले आणि माझं डोकं फिरलं. सुंदर दाखला! तो फुटका बॉयलर, ते काळोखातलं अंग पुसणं, ती औषध मारलेल्या पाण्यातली पोरं, त्या सगळ्याचा या माणसाने सुंदर दाखला केला. मी उठून उभा राहिलो. तिने माझी बाही ओढली. मी हिसडून सोडवली.

“थांबा,” मी म्हणालो. “ते स्वेच्छेने बंद झालं नाही. मी बंद करवलं. मी संघाचा सचिव होतो. फॅक्स नीट वाचला नाही, आणि कोट घालून, माणसं घेऊन, तिच्या दारात जाऊन वाकलो. स्नानघर यादीत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिच्याकडे कागद होता! माझी फजिती होऊ नये म्हणून ती गप्प बसली आणि तिने भट्टी विझवली. त्यात तिचं सगळं गेलं. हे लिहून घ्या. तुमच्या विनंतीचा दाखला असा आहे.”

 छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं, हे कबूल करतो. खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

पाट्यांमागची सगळी तोंडं आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे वळली. शेवयांवाला शेजारच्याच्या कानात काहीतरी कुजबुजला. त्या दिवशी माझ्या मागे उभी असलेली दोघं समोरच्या रांगेत बसली होती, त्यांनी मान खाली घातली.

अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे प्रशासनाकडून यांना विनंती गेली नव्हती?”

“नाही. पण...”

“आणि आपण यादीत नाही, याची त्यांना पूर्ण कल्पना होती?”

“होती. तेच तर...”

“मग स्वेच्छेनेच झालं म्हणायचं.” ते मिझुशिमाकडे वळले. “नोंद बदलायचं कारण दिसत नाही. कुवाबारा-सान, इतक्या प्रांजळपणे बोललात, आभार. बहुमोल मत.”

मिझुशिमाची मान वर झाली नाही. तिच्या पेनने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मग खोडलं. अध्यक्षांनी पुढच्या बाजारपेठेचं पान उलटलं.

बाहेर ओला बर्फ पडत होता. बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो. ती छत्री उघडत नव्हती. जांभळ्या खांद्यांवर पाणी मुरत चाललं होतं. मी माझी छत्री तिच्यावर धरायला गेलो, तर ती एक पाऊल बाजूला झाली.

“तोकिए-सान, मला राहवलं नाही. तो माणूस काय बोलत होता, ऐकलंत ना? कुणीतरी खरं सांगायला नको?”

“कुणाला सांगितलंत?”

“सगळ्यांना.”

“आणि काय झालं?”

मी छत्री मिटली.

“तुमचं नाक राहावं म्हणून मी सासऱ्यांची भट्टी विझवली,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. गल्ल्यावरून ओरडणारी ती बाई माझ्यावर एकदा ओरडली असती तर मला चाललं असतं. “साडेतीन वर्षं मी स्वतःला सांगत आले, वाया नाही गेलं, त्या बदल्यात एक माणूस गल्लीतून ताठ मानेने फिरतोय. आज तुम्ही चारचौघांत उभे राहून ते नाक स्वतःच्या हाताने कापून दिलंत. का, तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आता सांगा चपलावाले, माझी भट्टी कशासाठी विझली?”

मी तोंड उघडलं. “त्यांनी नोंद...” असं काहीतरी म्हणालो. ती वाट बघत राहिली. खरंच वाट बघत होती, माझ्याकडे काही उत्तर असेल तर ऐकायचं म्हणून.

बस आली. दार उघडलं, आतली उबदार हवा अंगावर आली.

“तुम्ही जा,” ती म्हणाली. “मी पुढच्या बसने येते.”

पुढची बस पन्नास मिनिटांनी होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी चढलो.